मर्नाची चव्वेचाळीस

मर्ना हॉगलंड नदीवर मासे मोजायची. कोडियाक बेटाच्या दक्षिण टोकाला, जिथे रस्ता पोचत नाही आणि विमानसुद्धा पाण्यावरच उतरतं, तिथे सरकारी खात्याने नदीत आडवी जाळी ठोकली होती. जाळीतल्या एका फटीपाशी बसायचं आणि वर चढणारा प्रत्येक सॅमन टिपायचा, हे तिचं अकरा उन्हाळ्यांचं काम. मासे आले की अस्वलं येतात. म्हणून एक बाई पाण्यात बघायची आणि दुसरी तिच्या पाठीशी काठाकडे तोंड करून उभी राहायची. मर्ना बहुधा पाठीशी असायची, कारण तिच्या छातीवर, चामडी पट्ट्यात, चव्वेचाळीस मॅग्नम नावाची जड, सहा गोळ्यांची बंदूक असायची.

बंदुकांबद्दल बेटावर प्रत्येकाला मत असतं आणि ते विचारायच्या आधीच मिळतं. पण गावातल्या बायका विचारायच्या मर्नालाच. पुरुषांना विचारलं तर तासभर भाषण. मर्नाचं उत्तर चहा निवायच्या आत संपायचं.

"शहरात राहतेस? माणसाची भीती आहे? मग नऊ मिलिमीटरचं हलकं पिस्तूल घे आणि गप झोप," ती सांगायची. "इथे अस्वलाचं हाड फोडून गोळी आत जायला हवी. जड शिसं, चपटं नाक, चव्वेचाळीस. झटक्याची कसली भीती बाळगता गं? मनगट घट्ट धरायचं. मी एकसष्टची आहे, मला जमतं."

आणि खरंच जमायचं. मोठे दांडगे गडी चव्वेचाळीस झाडली की हात झटकत शिव्या द्यायचे, मर्ना सहाच्या सहा गोळ्या ताटलीएवढ्या वर्तुळात घालायची आणि वर विचारायची, "झालं? की अजून बघायचंय?" तिला घमेंड होती, आणि खोटं कशाला बोला, ती तिला शोभायची.

काडतुसं घरची असायची. तिचा नवरा व्हर्जिल ती गॅरेजमध्ये स्वतः भरायचा. बेटावर निम्म्या घरांत हे चालतं. झाडलेल्या पुंगळ्या गोळा करून आणायच्या, धुवायच्या, बुडाला ठिणगीची नवी टोपी बसवायची, दारू मापून घालायची, वर शिसं दाबायचं. अशा घरातल्या बाईने दुकानातून काडतूस विकत आणणं म्हणजे सुगरणीच्या घरी पाव विकत आणण्यासारखं. मर्नाने ते कधी केलं नाही. व्हर्जिल डब्यावर पेन्सिलीने लिहायचा, 'मर्ना – अस्वल', आणि दर मे महिन्यात तो डबा तिच्या सामानात ठेवायचा. तिला ते फुलांच्या गुच्छापेक्षा जास्त आवडायचं.

यंदा खात्याने नवा नियम काढला. दर वर्षी उन्हाळ्याआधी नेमबाजीची परीक्षा असतेच; पण कुठेतरी कुणाचं तरी घरी भरलेलं काडतूस नळीत फुटलं म्हणून यंदा सगळ्यांनी खात्याने दिलेलीच काडतुसं झाडायची, आणि नदीवरही तीच न्यायची. परीक्षा घ्यायला डेल नावाचा धिप्पाड, मवाळ बोलणारा माणूस आला होता. त्याने मर्नाच्या हातात बंद डबा दिला.

"आजी, आज जरा सांभाळून हं."

"आजी तुझी घरी," मर्ना म्हणाली. "तू नेमाची ताटली लाव."

पहिल्या गोळीला बंदूक तिला आवरलीच नाही. नळी उसळून कपाळावर आली, भुवईच्या वर चीर पडली, आणि अंगठ्याच्या मुळात कुणीतरी हातोडा घातल्यासारखी कळ गेली. मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. दुसऱ्या गोळीला तिचे डोळे आपोआप मिटले. तिसरी मातीत गेली, चौथी कुठे गेली ते देवाला ठाऊक. ताटली कोरी करकरीत.

"डबा सदोष असेल," ती म्हणाली. रक्त डोळ्यात उतरत होतं.

डेलने तिची बंदूक घेतली, त्याच डब्यातली दोन काडतुसं घातली आणि झाडली. दोन्ही ताटलीत. "डबा ठीक आहे, आजी. चव्वेचाळीस अशीच लागते." मग हळूच म्हणाला, "तुम्ही आजवर काय झाडत होता?"

घरी येईपर्यंत तिच्या मनात तो एकच प्रश्न घोळत होता. व्हर्जिल बोटीवर गेला होता. ती सरळ गॅरेजमध्ये गेली. त्याचा तो काडतूस उकलायचा हातोडा तिला वापरता येत होता. इतकी वर्षं बघत आलेली. 'मर्ना – अस्वल' डब्यातलं एक काडतूस तिने ठोकून उकललं, दारू काट्यावर ओतली. मग खिशात राहिलेलं खात्याचं एक उकललं. मापून बघितलं, पुन्हा बघितलं. तिच्या काडतुसातली दारू निम्मीही भरत नव्हती. शिसं तेवढं तेच होतं. बाहेरून बघणाऱ्याला दोन्हींत काही फरक दिसला नसता.

तिने डबाभर काडतुसं उकलली. सगळी तशीच. मग ती स्टुलावर बसली आणि तिला दोन वर्षांपूर्वीचा ऑगस्ट आठवला.

त्या दिवशी अकलिना मासे मोजत होती. अकलिना म्हणजे गावातलीच, तिशीतली, मर्नाला मावशी म्हणणारी. चार उन्हाळे दोघी एका पाळीत होत्या. झुडपातून अस्वलीण निघाली आणि कान मागे टाकून सरळ यायला लागली. मर्ना हलली नाही. अस्वलीण बारा पावलांवर थांबली, फुसफुसली आणि वळली. त्या रात्री जेवताना मर्नाने सगळं रंगवून सांगितलं, आणि समोर बसलेला व्हर्जिल टेबलावर हात आपटून म्हणाला होता, "शाब्बास! ही माझी बायको!"

त्याला माहीत होतं. मटणाचा रस्सा ओरपत तो ते ऐकत होता, आणि त्या बंदुकीत काय आहे ते त्याला माहीत होतं.

व्हर्जिल संध्याकाळी आला. टेबलावर दारूच्या दोन लहान ढिगल्या बघून तो दारातच थांबला.

"कधीपासून?" तिने विचारलं.

"कपाळाला काय झालं?"

"कधीपासून, व्हर्जिल?"

"पहिल्या उन्हाळ्यापासून." तो खाली बसला. "तुला आठवतं का, पहिल्यांदा झाडलीस तेव्हा तू बंदूक टाकून दिली होतीस? मग मी रबरी मूठ बसवून दिली."

"आणि म्हणालास, मुठीने झटका खाल्ला."

"तू घाबरून ती घरी ठेवली असतीस, मर्ना. हातात काही नसण्यापेक्षा..."

"मी त्याहून हलकी तीन-सत्तावन्न घेतली असती! नाहीतर नऊच घेतली असती, आत घुसणाऱ्या गोळ्या घालून! जी मला पेलते, जिने नेम लागतो, ती. लहान असती तरी निदान काय आहे ते मला ठाऊक असतं. निवड माझी होती ना? जीव माझा होता ना?"

"अगं, मला तुझी काळजी..."

"काळजी असती तर दुसऱ्याच दिवशी सांगितलं असतंस. माझी बायको चव्वेचाळीस चालवते, हे तुला बोटींच्या धक्क्यावर मिरवायचं होतं. दर शनिवारी मिरवलंस. मला बाहुली केलंस तू, आणि अस्वलापुढे उभी केलीस."

व्हर्जिल टेबलावर सांडलेली दारू बोटाने पुसायला लागला. त्यावरून तिला कळलं की ती बरोबर बोलली. चाळीस वर्षांत त्याने तिच्यावर कधी हात उगारला नव्हता, कधी दुसरीकडे बघितलं नव्हतं. गावातल्या बायका तिचा हेवा करायच्या. त्यापेक्षा त्याने भांडी फेकली असती तर परवडलं असतं, असं तिला वाटलं. तिचा संताप आता थंड होऊन पोटात बसला होता, आणि तो लवकर निघणार नव्हता.

मग तिला दुसरी गोष्ट आठवली आणि ती ताडकन उठली.

"अकलिनाचा डबा तूच भरलास. गेल्या वर्षी. मी मागितला म्हणून."

"तिलाही झटका..."

पुढचं ऐकायला ती थांबली नाही.

अकलिनाचं घर चार घरं सोडून; तिची परीक्षा अजून व्हायची होती. ती ओट्यापाशी पीठ मळत होती. तिची सात वर्षांची नॉना खाली बसून चित्रं काढत होती. मर्नाने उभ्याउभ्याच सांगितलं, काही लपवलं नाही. अकलिनाने हात पुसले, कपाटावरची आपली चव्वेचाळीस उतरवली, चक्री उघडली आणि सहा काडतुसं टेबलावर पाडली.

"परवा नॉनाला घेऊन खाडीपलीकडे गेले होते, अंडी गोळा करायला," ती म्हणाली. "अस्वल दिसलं. लांब होतं. पोरगी म्हणाली, आई, परत जाऊ. मी म्हटलं, मर्नाआजीची काडतुसं आहेत, घाबरू नकोस. आणखी तासभर थांबलो आम्ही."

"मला माहीत नव्हतं गं. शपथेवर सांगते."

"माहीत नव्हतं, ते पटतंय मला. त्याने तुला फसवलं, मावशी. पण माझ्या हातात तो डबा त्याने नाही, तू दिलास. दुकानातलं एक काडतूस झाडून बघायला काय झालं होतं तुला? अख्ख्या गावाला शिकवत होतीस."

मर्नाचा नवऱ्यावर विश्वास होता, हे काही उत्तर नव्हे. आणि स्वतःच्या मनगटाचं कौतुक सोडवत नव्हतं, हे खरं उत्तर तिच्या तोंडून निघेना.

पंधरा दिवसांनी तिने पुन्हा परीक्षा दिली. तीन-सत्तावन्न, स्वतः निवडून घेतलेली, खात्याची काडतुसं. हात दुखला, पण सहापैकी पाच गोळ्या ताटलीत गेल्या. डेलने सगळ्यांसमोर टाळी वाजवली. मग पाळ्यांची यादी वाचली, तेव्हा अकलिनाचं नाव दुसऱ्याच एका बाईशेजारी होतं.

मर्ना तिला विमानाच्या धक्क्यावर गाठून म्हणाली, "आता तर मला जमतंय गं. तू बघितलंस ना?"

"बघितलं. चांगला नेम आहे तुझा." अकलिनाने आपली पिशवी उचलली. "माझा राग नाहीये, मावशी. पण तू मागे उभी असलीस की आता मी सारखी वळून बघेन. मासे कोण मोजणार मग?"