फॅसिझमवरचं व्याख्यान आणि माझं अध्यक्षपद

सर्व संबंधितांस अत्यंत गांभीर्यानं कळवण्यात येतं, की सिंगापुरातल्या टॅम्पिनीसमधली एक हुकूमशाही मागच्या गणपतीत, रविवारी सकाळी, भर सभेत उघडकीला आली. हुकूमशहा मीच होतो.

आमच्या आसपासच्या पंचवीसेक मराठी कुटुंबांचं एक मंडळ आहे. सहा वर्षं मी त्याचा बिनविरोध अध्यक्ष. ऑफिसात माझं कोणी ऐकत नाही, घरी तर बोलायलाच नको. त्यामुळे सातव्यांदा ते पद मला जिवापाड हवं होतं. गणपतीत एखादं जडसं व्याख्यान झालंच पाहिजे, ही सवय आम्ही पुण्याहून सामानात बांधून आणलेली. आधी व्याख्यान, मग निवडणूक, मग जेवण, हा क्रम माझाच. भुकेला माणूस फार प्रश्न विचारत नाही.

वक्त्री होती विद्यापीठात इतिहासाचं संशोधन करणारी एक मुलगी. तिनं विषय कळवला, ‘फॅसिझमचा वैचारिक उगम आणि प्रसार’. मी लगेच होकार दिला. विषय कळण्यासारखा निघेल, अशी शंकाही आली नाही.

पोरगी बोलली मात्र झकास. महायुद्धातून थकून परतलेला इटली, जिंकूनही फसवल्याची भावना, समाजवाद सोडून राष्ट्राचा जप करू लागलेली मंडळी. "मग आल्या टोळ्या," ती म्हणाली, "सगळ्यांचे शर्ट एकाच रंगाचे."

सभागृहानं स्वतःकडे पाहिलं. सगळे जांभळ्या कुर्त्यात. सक्ती माझी.

"विरोध केला की धरून एरंडेल पाजायचे."

"आमचे अध्यक्ष फक्त व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमधून काढतात!" मागून एक आवाज.

"संसद नुसती भांडते, मी शिस्त आणतो, असा त्यांच्या नेत्याचा प्रचार," ती पुढे म्हणाली. " जुन्या पुढाऱ्यांना वाटलं, याला सत्तेत घेऊ, आपल्या मुठीत राहील. पुढे निवडणुका नावापुरत्या उरल्या. ते बघून देशोदेशी नकला निघाल्या."

"बाबा, दॅट्स यू, ला!" माझी मुलगी इथल्या सिंगापुरी इंग्रजीत आनंदानं ओरडली. सभागृह फुटलं. बायको सर्वांत जोरात हसली.

वक्त्री बिचारी घाबरली. "काका, तुम्हाला नाही हो म्हणत! तिकडे माणसं मारली, तुरुंगात सडवली."

"अगं, चालू दे," मी उदारपणे म्हणालो. कान तापले होते.

व्याख्यानानंतरच्या टाळ्या संपायच्या आत मंडळाचे खजिनदार उठले. माझ्याशी सहा वर्षं गोड बोललेला माणूस! "अध्यक्षांच्या विरोधात कोणी उभं राहतंय का?"

सगळे जमिनीकडे पाहू लागले. मला जरा धीर आला.

"मग मी सुचवतो, यंदा अध्यक्षच नको. सगळे मिळून करू!"

टाळ्यांचा कडकडाट. संपलं! मी छातीवरचा बिल्ला काढला, गळा भरून आल्याचा थोडा अभिनय केला (थोडा खराही होता) आणि निरोपाचं भाषण सुरू करणार, एवढ्यात पुढच्या रांगेत सगळ्यात जोरात टाळ्या वाजवणाऱ्या काकूंचे हात हवेतच थांबले.

"अहो, थांबा, थांबा! अध्यक्ष गेले तर विसर्जनानंतर दरवर्षीसारखी एवढी भांडी कोण घासणार? असू दे की हुकूमशहा!"