गाण्याचं चौथं कडवं

एकोणीस एप्रिल, शनिवार. चार किलो भिवापुरी मिरचीचे देठ खुडायचे होते. दोन किलो आमच्या घरच्या, दोन किलो मोठ्या जाऊबाईंच्या. दुसऱ्या दिवशी मिरच्या कांडायला न्यायच्या, म्हणजे देठ आजच निघायला हवेत. सकाळी सातला आम्ही दोघी नाकाला पदर बांधून व्हरांड्यात बसलो. एप्रिलात नऊनंतर नागपुरात बाहेर बसण्यात अर्थ नसतो.

जाऊबाई मे महिन्यात मुलाकडे पुण्याला जाणार होत्या, कायमच्या. त्यांच्या मते तिकडच्या तिखटाला नुसता रंग असतो, म्हणून वर्षभराचं तिखट सोबत जाणार होतं. शिंकता शिंकता त्या म्हणाल्या, "आज चौथं कडवं होईल का वं?"

"कशाचं?"

"लुगड्याच्या गाण्याचं."

आमच्या वस्तीत जयंतीच्या गाण्याचा कार्यक्रम चौदा तारखेला होत नाही. चौदाला गायन पार्ट्या मिळतच नाहीत, मिळाल्या तर भाव विचारायची सोय नसते. म्हणून आम्ही नंतरचा शनिवार धरतो. दरवर्षी कन्हानची तीच पार्टी येते आणि शेवटी तेच गाणं म्हणते. दीक्षेच्या दिवशी सगळे पांढरं नेसून निघालेले. एका बाईकडे पांढरं लुगडं नाही. ती शेजारणीचं उसनं आणते, नेसते आणि चालत जाते. 'लुगडं होतं उसनं माय, चालणं तुझं सोताचं.' ही ओळ आली की मागच्या रांगेतल्या बायाही म्हणू लागतात.

हे गाणं आपण लिहिलं, असं जाऊबाईंनी फार पूर्वी एकदा सांगितलं होतं. बाया हसल्या होत्या. वाईट मनानं नव्हे. पण ते गाणं पार्टीच्या म्हाताऱ्या गायकाचं, असंच सगळे समजत. तो आता नाही. खरं सांगायचं तर मीही जाऊबाईंचं म्हणणं पुरतं मानलं नव्हतं. त्यांना मी कधी वाण्याच्या यादीपलीकडे काही लिहिताना पाहिलं नव्हतं.

"चौथ्या कडव्यात काय आहे?"

"नाव आहे. लिहिणाऱ्याचं."

हे मात्र मला ठाऊक होतं. आमच्याकडच्या गाण्यात लिहिणारा शेवटच्या कडव्यात आपलं नाव घालतो. छापील पुस्तक निघत नाही, तेव्हा गाणं कुणाचं हे सांगायची तेवढीच जागा. पण हे गाणं सगळ्यांत आवडतं, म्हणून सगळ्यांत शेवटी. तोवर दहाला पाच मिनिटं उरलेली असतात आणि मंडळाचे सेक्रेटरी मंचाखालून मनगटावरचं घड्याळ दाखवत असतात. दोन कडवी होतात, माईक बंद. मोबाइलवर फिरणाऱ्या व्हिडिओतही दोनच आहेत.

मग त्यांनी सगळं सांगितलं. माहेरी, कन्हानला, शाळेत असताना त्यांनी ही कविता वहीत लिहिली होती. आईवर. म्हाताऱ्या गायकानं, तेव्हा तो तरुण होता, ती उतरवून घेतली आणि एका हिंदी सिनेमातल्या नाचाच्या गाण्याच्या चालीवर बसवली. चालीत शब्द कमी पडत होते तिथे 'माय' घुसवलं.

"मी लय रडली. म्हटलं, माझ्या मायले नाचवलं यानं. मग एक दिवस नदीवर धुणं धुता धुता बाया तेच म्हणून राहिल्या होत्या. त्यातल्या एकीलेही वाचता येत नव्हतं. मंग म्हटलं, जाऊ दे, नाचू दे."

"पण नाव?"

"ते कधी माईकवर ऐकलंच नाही वं. एकदा ऐकून पुण्याले गेली असती."

एवढंच काम होतं. मला वाटलं, होण्यासारखं आहे.

चार वाजता मी विहाराच्या मैदानावर गेले. पार्टीचे लोक माईक लावत होते. आता गातो तो म्हाताऱ्याचा शिष्य; दिवसा शहराबाहेर वाडीच्या एका गोदामात ट्रकमधला माल मोजून घेतो. मी म्हटलं, लुगड्याचं गाणं आज आठ वाजता घे, चारही कडवी.

"काकू, ते आधी झालं तर बाया उठून घरी जातील. त्याच्यासाठीच तर बसतात."

"मग दोनदा म्हण. आठला पूर्ण आणि शेवटी नेहमीसारखं."

"वन्स मोर पब्लिक मागते. तुम्ही गाण्याच्या आधीच मागून राहिल्या."

"मी पब्लिकच आहे."

पॅड वाजवणारा हसला. गायकानं पेटीच्या खोक्यातून गुरूची जुनी वही काढली. गाण्याच्या डोक्यावर लाल शाईत सिनेमाच्या गाण्याचं नाव, 'चाल' म्हणून. खाली चार कडवी. मी चष्मा नेला नव्हता, पुढचं मला दिसलं नाही. तो ओठातल्या ओठात वाचत होता.

"हे मी कधी म्हटलंच नाही. एक ओळ पाण्यानं पुसली आहे. पण पाहतो."

साडेसातला मी जाऊबाईंना पहिल्या रांगेत उजव्या टोकाला बसवलं. त्यांचा डावा कान कामातून गेला आहे, उजवा स्पीकरकडे हवा होता. आठ वाजता गाणं सुरू झालं. मागून दोघीतिघी ओरडल्या, "आत्ताच काहून? संपलं का?" एक तर चप्पल शोधू लागली. गायकानं माईकवर सांगितलं की शेवटीही होणार आहे, तेव्हा बसली.

तीन कडवी झाली. चौथं त्यानं वही हातात धरून सुरू केलं. पहिली ओळ निघाली, दुसरीला अडकला. पॅडवाला तोच ठेका पुन्हा पुन्हा वाजवत राहिला. गायक वही दिव्याकडे धरून पाहत होता.

जाऊबाई खुर्चीतूनच म्हणाल्या, "लुगडं दिलं घडी करून, चालणं नाही दिलं."

त्यांचा आवाज मोठा आहे, कानामुळे. मंचापर्यंत गेला. गायकानं त्यांच्याकडे पाहिलं, ओळ उचलली, दोनदा म्हटली आणि पुढच्या ओळीत नाव घेतलं.

ते नाव मी उभ्या आयुष्यात ऐकलं नव्हतं.

माझी पहिली भावना रागाची होती. एवढी खटपट केली आणि गाणं तिसऱ्याच बाईचं निघालं. मागून आवाज आलाच, "हे कोण वं आता? कन्हानची कोणी असल."

जाऊबाई मागे वळल्या. "कन्हानचीच. मीच."

"तुमचं नाव तर..."

"ते लग्नात ठेवलं. हे मायनं ठेवलं होतं."

मी सासरी आले तेव्हा त्यांच्या लग्नाला आठ वर्षं झाली होती. रेशनकार्डावर, मतदार यादीत, मुलाच्या शाळेच्या दाखल्यावर दुसरंच नाव. आम्ही तर तेही घेत नव्हतो. त्या सगळ्यांच्या मोठी बाई. आधीचं नाव काय, हे मी विचारलंच नव्हतं.

"मंग इतकी वर्षं सांगितलं काहून नाही?" मागचीनं विचारलं.

"सांगितलं होतं. तू हसली होती. तिसऱ्या खुर्चीवर बसून."

ती बाई आताही हसली, पण वेगळं. शेजारणीला म्हणाली, "पाय बाप्पा, ती ओळ वहीतही नव्हती, हिच्या तोंडात होती." मग ते नाव तिनं एकदा म्हणून पाहिलं, नवीन पदार्थ चाखून पाहावा तसं. मंचावरून गायकानं जाऊबाईंना हात जोडले. त्यांनी 'पुढचं म्हण' असा हात केला.

दहाला पाच कमी असताना तेच गाणं पुन्हा झालं. दोन कडवी. सेक्रेटरींनी घड्याळ दाखवलं, माईक बंद.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला आम्ही मिरच्यांचे दोन डबे घेऊन कांडपाच्या गिरणीत गेलो. रविवार, रांग मोठी. जाऊबाई बाहेर कडुनिंबाखाली बसल्या. गिरणीवाला प्रत्येक डब्याला चिठ्ठी बांधतो आणि काम झालं की नावानं ओरडतो. पहिल्या डब्याला मी माझं नाव दिलं. दुसऱ्याला कालचं, गाण्यातलं.

"हे कोण? नवीन दिसते."

"लिही तू."

तासाभरानं त्यानं हाक मारली. यंत्राच्या वरताण आवाज काढायची त्याला सवय आहे. पहिल्या हाकेला कुणी उठलं नाही. दुसरी मारली तेव्हा जाऊबाई उठल्या, गुडघ्यावर हात देत, आणि म्हणाल्या, "आली."

ताजं तिखट गरम असतं, लगेच झाकण लावलं तर घाम धरतं. मी दोन्ही डबे उघडेच ऑटोत मांडीवर घेतले. चिठ्ठ्या तशाच राहू दिल्या.