पापण्या आणि पिवळा शर्ट

“ए बधुं पछी. पहेलां कहो, कलर केटला?” फोन आरशासारखा तोंडासमोर धरून काका जुन्या वस्तू विकणाऱ्याला गुजरातीत दरडावायचे. आमच्याशी मराठीतही तेच: “ते सगळं नंतर. आधी रंग किती, ते सांग.”

वासणा भागातल्या आमच्या सोसायटीत ते शेजारी. कारखान्यात नकाशे काढण्यात जन्म गेलेला हा माणूस उतारवयात टीव्हीला जोडायचा जुना घरगुती कॉम्प्युटर शोधत होता. तुम्हीही म्हणाल, म्हातारचळ लागला. मीही म्हणायचो, कारण ते शोधकाम माझ्याच गळ्यात पडलं होतं.

त्यांच्या एकुलत्या एका मुलानं शाळेत असताना तसल्या कॉम्प्युटरवर स्वतःचा चेहरा काढला होता. पुढे कॉलेजात असताना तो तापानं गेला. डोळ्यांसमोर नको म्हणून काकांनी कॉम्प्युटर भंगारात दिला. चित्र ज्या टेपच्या कॅसेटवर साठवलं होतं, ती तेवढी राहिली. ती चालणार फक्त तसल्याच कॉम्प्युटरवर, आणि त्याचं नाव कोणालाच आठवत नव्हतं.

“फोटो आम्ही काढले रे. हे त्यानं स्वतः काढलं,” काका म्हणायचे.

चित्र मात्र त्यांना लख्ख आठवत होतं. पिवळा शर्ट, तांबूस ओठ आणि पापणीचा केस न् केस सुटा. त्यावरूनच ते कॉम्प्युटर ओळखणार होते. मी मोबाइलवर एकेका जुन्या कॉम्प्युटरवरची चित्रं दाखवायचो. ज्याचे ठिपके बारीक, त्याला रंग दोनच. ज्याला रंग भरपूर, त्याचे ठिपके तुरीच्या डाळीएवढे. त्यात पापणी कसली उमटणार?

“हा नव्हे. पुढचा दाखव.”

“काका, कॅसेटच्या फितीला बुरशी आलीये.”

“ते सगळं नंतर.”

एका रविवारी वैतागून मी सांगून टाकलं, “दोन्ही नीट दाखवणारा, आपल्यासारख्यांच्या घरात येईल असा कॉम्प्युटर तेव्हा नव्हताच. पापण्या तरी, नाहीतर शर्ट तरी.”

काकांनी मोबाइल माझ्या हातात परत ठेवला. मग म्हणाले, “मग पापण्या मी कुठे पाहिल्या?”

काकू मला फाटकापर्यंत सोडायला आल्या. हळूच म्हणाल्या, “शर्टही नव्हता पाहिला. आमचा टीव्ही तेव्हा ब्लॅक अँड व्हाइट होता.”

“मग त्यांना सांगितलं का नाही?”

“शोधतायत तोवर दोन घास जेवतायत. तूही नको सांगूस.”

मी नाही सांगितलं. पण त्या रविवारनंतर काकांनी कोणाला फोन केला नाही. जेवणही सुटलं. दिवाळीच्या आधी ते गेले. शोधकाम चालू होतं तेव्हा मला त्यांचा राग यायचा. आता येत नाही.

परवा काकूंनी बोलावलं. पदरानं कॅसेट पुसत बसल्या होत्या.

“तो विकणारा अजून आहे का रे? विचार ना त्याला.”

“काकू, फीत पार गेलीये. आणि तुम्हीच म्हणालात, टीव्ही ब्लॅक अँड व्हाइट होता.”

“आमचा होता. पोरानं रंग भरलेच असतील. आम्हालाच दिसले नाहीत.” त्यांनी कॅसेट माझ्या हातात दिली. “फितीचं नंतर बघू. आधी रंग किती, ते विचार.”