पुलापलीकडचा तुरुंग

डेल्मर स्टिडम छपरं दुरुस्त करून पोट भरायचा. स्वभावानं भोळा आणि विसराळू. नदीपलीकडच्या हर्शेलचं गवत कापायचं मशीन त्यानं उसनं नेलं, मोडलं, आणि लाजेपायी परत द्यायचं टाळलं. हर्शेलनं रागाच्या भरात तक्रार केली. डेल्मर तिकडच्या कोर्टाची तारीख विसरला आणि वॉरंट निघालं. पुढं मशीन परत गेलं, भांडण मिटलं, दोघं शेजारी बसून मासे धरू लागले. वॉरंटचं काय झालं, हे मात्र कुणाच्याच डोक्यात आलं नाही.

नदीच्या अलीकडं आमचं केंटकी, पलीकडं ओहायो राज्य. इथल्या तुरुंगात मी स्वयंपाक करते. माझ्या खिडकीतून पूल दिसतो आणि पुलाच्या त्या टोकाला त्यांचा तुरुंग. पलीकडच्या त्याच गावात डेल्मरची आई ओपल शेवटच्या घटका मोजत होती. तिच्याकडं निघालेल्या डेल्मरला आमच्या पोलिसानं गाडीचा मागचा दिवा बंद म्हणून पुलाअलीकडंच अडवलं. नाव तपासलं तर ओहायोचं ते जुनं वॉरंट निघालं, आणि त्याला आमच्या तुरुंगात आणलं.

"सही कर," जेलर बॉइड म्हणाला. "ओहायोला पाठवण्याला हरकत घ्यायचा हक्क सोडलास तर लवकर नेतील. नाहीतर गव्हर्नरच्या कागदांची वाट बघत कुजशील इथंच."

त्यानं सही केली. "आता सोडा की पुलावर! बेड्या घालून चालत जातो."

"मला कैदी राज्याबाहेर नेता येत नाही रे. त्यांनीच न्यायचा."

त्यांनी म्हणजे कैदी वाहून नेणाऱ्या त्यांच्या खासगी कंत्राटदारानं. व्हॅन आली, डेल्मरला साखळदंडानं सीटला बांधलं. मी चालकाला म्हटलं, "अरे बाबा, समोर दिसतोय तो तुरुंग. याची आई चाललीय."

"मॅडम, आधी टेनेसी राज्यातला एक उचलायचा, मग इलिनॉयमधले दोघं. हा शेवटी उतरेल. रिकाम्या सीटा घेऊन फिरत नाही आम्ही."

व्हॅन पुलाकडं पाठ करून निघून गेली. मला शिसारी आली. माणसांची नव्हे, पोत्यांची वाहतूक चालली होती, आणि त्यांना जेवण रांधणारी मीच.

अर्धा देश फिरून डेल्मर नदीपलीकडं पोचला, तेव्हा त्याच्या कपड्यांना मुताचा वास मारत होता. व्हॅन थांबवतच नव्हते म्हणे. त्याच्या सुनावणीला मी मुद्दाम गेले.

"फिर्यादी कोण?" न्यायाधीशांनी विचारलं.

काळा सूट घातलेला हर्शेल उठला. "मीच. पण माझी तक्रार कधीच मिटलीय साहेब. सोडा त्याला."

डेल्मर वळला. "आई कशी आहे रे?"

हर्शेलनं मान खाली घातली. "सकाळीच पुरलं तिला. खांद्याला एक माणूस कमी होता, डेल. तुझ्या जागी मी होतो."