संकष्टीचं शिबिर

रेणापूरजवळच्या आमच्या गावात रक्तदान शिबिराचा घाट मी घातला आणि तारीख धरली नेमकी संकष्टीची. शाळेला सुट्टी म्हणून रविवार बघितला. कॅलेंडरातला तो बारीक गणपती कोण बघतो!

माझ्या पाचवीच्या वर्गातल्या एका मुलीला थॅलेसेमिया आहे. अंगात पुरेसं रक्तच तयार होत नाही, म्हणून दर तीन आठवड्यांनी वडील तिला लातूरला रक्त चढवायला नेतात. गेल्या खेपेला तिच्या गटाची पिशवी मिळेना. चार दिवस वाट बघण्यात गेले. त्या दिवसांत ती शाळेच्या दोन पायऱ्या चढून मटकन खाली बसली, ते माझ्याच्यानं बघवलं नाही. आता पुढची खेप जवळ आली होती.

रविवारी देवळापुढच्या मंडपात ही रांग लागली! लातूरहून आलेल्या डॉक्टरांनी पहिल्यालाच विचारलं, "काय खाऊन आलात?"

"संकष्टी हाय. नुसता च्या पिलोय."

दुसऱ्याचं तेच, तिसऱ्याचं तेच. मीही उपाशीच.

"रिकाम्या पोटी एकाचंही रक्त घेणार नाही," डॉक्टर म्हणाले. मला रडू कोसळायचंच बाकी होतं.

कशानं उपवास मोडतो आणि कशानं नाही, हे अख्खं गाव माझ्या सासूबाईंना विचारतं. त्या मागून कडाडल्या, "भगर अन् शेंगदाण्याची आमटी उपवासाला चालती का न्हाई? मग चूल पेटवा! पोटभर खावा, घटकाभर बसा, मग हात पुढं करा."

देवळामागं पातेली चढली. जेवून तासाभरानं पहिला हात मी पुढे केला. सुई टोचली तेव्हा डोळे मिटले, उघडले तर पिशवी भरत आलेली. एवढ्याला का मी इतकी वर्षं भीत होते! मग रांगेतल्या कचरणाऱ्यांना मीच दटावू लागले. सासूबाईंना मात्र डॉक्टरांनी वयामुळे परत पाठवलं. दिवसभर त्यांचं तोंड फुगलेलं होतं.

पुढच्या आठवड्यात ती मुलगी पायऱ्या पळतच चढली. "बाई, माझ्या पिशवीत कुणाचं रक्त होतं?"

"पिशवीवर नाव नसतं गं."

"मग समद्यांच्याच पाया पडावं लागंल."

संध्याकाळी ती खरंच गावभर पाया पडत आमच्या ओट्यावर आली आणि सासूबाईंपुढे वाकली.

"माझं तर घेतलंच न्हाई की, बाळा," त्या पुटपुटल्या.

"पण आमटी तुमचीच होती की, आजी."