पिंडीपर्यंत न पोचलेलं पाणी

त्या सोमवारी मी महादेवावरसुद्धा चिडले होते. भाजलेल्या लहान मुलांवर पहिले उपचार कसे करायचे, हे आशा सेविकांना शिकवायला मी महागाव तालुक्यातल्या एका गावी गेले होते. सभागृहाची किल्ली घेऊन शिपाई लग्नाला गेलेला, म्हणून महादेवाच्या मंदिरातच सतरंजी टाकली. वीज नव्हती, त्यामुळे पडद्यावरची चित्रं राहिली. सरावाच्या बाहुलीचा हात निखळला. वैशाखाचं ऊन, आणि सारखा कोणाचा तरी फोन वाजतोय. आमच्या घरात पदवी मिळवणारी मी पहिली. हे काम देवानेच दिलं असं मानून रोज त्याला हात जोडते. त्या दिवशी मात्र मनात आलं, दिलंस ते दिलंस, पण असं का दिलंस?

त्यात सुनंदाताई. आपल्या लहानग्या आरूला सोबत घेऊन आलेली ही आशा सकाळपासून हजेरीची सही कधी, एवढंच विचारत होती. भाजल्या जागी टूथपेस्ट, हळद, अंगारा काही लावायचं नाही, वीस मिनिटं वाहत्या पाण्याखाली धरायचं, असं मी सांगितलं, तर म्हणाली, "म्याडम, वाहतं पानी तुमच्या पुस्तकात हाय. आमच्या नळाले चौथ्या दिवशी येते. तवरक पोराले थांब म्हनू का?" सगळ्या हसल्या. तिचं खरं होतं, आणि मला राग त्याचाच आला.

चहाचं पातेलं नुकतंच उतरवून कडेला ठेवलं होतं. बाहुलीकडे धावताना आरू अडखळली, पातेलं कलंडलं आणि उकळता चहा तिच्या हातावर गेला. सुनंदाताई अंगाऱ्याच्या ताटलीकडे धावली. कोणीतरी रुग्णवाहिकेला फोन लावला. मी पोरीला उचलून मंदिराच्या आवारातला नळ फिरवला. कोरडा. माठात तळाशी जेमतेम वाटीभर पाणी. शिकवायला आलेली मी, रडणारं लेकरू कडेवर घेऊन नुसती उभी. "देवा, आता तरी," एवढंच म्हणाले, तेही भांडल्यासारखं.

गाभाऱ्यासमोर सोमवारचं पाणी घालायला बायकांची रांग होती, घरच्या साठ्यातला एकेक तांब्या हातात घेऊन. रांगेतली पहिली, मला अनोळखी म्हातारी, वळली आणि आपला तांब्या माझ्यापुढे धरला. मी आरूचा हात पुढे केला. तिने बारीक धार धरली. ती संपायच्या आत दुसरी आली, मग तिसरी. दूध घातलेले तांबे मी नको म्हटले, तर त्या बायका घरी जाऊन साधं पाणी घेऊन आल्या. गुरवकाका बाहेर आले तेव्हा वाटलं, आता बोलणी बसणार. पण अभिषेकासाठी भरलेली घागरच त्यांनी उचलून आणली. "घाला, घाला. महादेवाले कायची घाई हाय?"

सुनंदाताई मुठीत अंगारा धरून उभी होती. तो तिने लेकीच्या कपाळाला लावला. मग हात सुजायच्या आत मनगटातलं कडं अलगद काढून घेतलं. हे मी सकाळी सांगितलं, तेव्हा ती फोनवर बोलत होती.

वीस मिनिटं धार तुटली नाही. धुतलेल्या सुती कापडात हात सैल गुंडाळून मायलेकींना रुग्णवाहिकेत बसवलं. जखम खोल नव्हती. आज मनगटावर फिकट डाग आहे, एवढंच.

याला चमत्कार म्हणा असं मी कोणाला म्हणणार नाही. बायकांकडे पाणी होतं, त्यांनी दिलं. त्या रिकामे तांबे घेऊन पिंडीला नमस्कार करून घरी गेल्या. पुस्तिकेत अजून वाहत्या नळाचंच चित्र येतं, मी अजून वरती कळवते आणि अजून चिडते. मात्र शिकवायला बसले की आधी विचारते, तुमच्या गावात हाकेच्या अंतरावर पाणी कोणाकडे असतं? आणि उत्तर येईपर्यंत गप्प बसते. सगळं मीच घेऊन जायचं असतं, हा हट्ट त्या दिवशी सुटला. बायका गेल्यावर मीही गाभाऱ्यात गेले. पिंड कोरडी होती. डोकं टेकवलं, आणि मागायला काही सुचलं नाही.