सातबाऱ्यावरचं अकरावं नाव

मसुऱ्याच्या भाई परबांना कुठलीही गोष्ट ‘अशी का’ हे कळल्याशिवाय घास गिळत नसे. मालवणातल्या एका हायस्कुलात त्यांनी चौतीस वर्षं कारकुनी केली. शाळा सोडल्याचा दाखला न्यायला आलेल्या पोराला ते आधी विचारायचे: आता कुठे चाललास, राहणार कुणाकडे, खोलीभाडं किती? सगळं कळलं की मगच शिक्का. लोक वैतागायचे, पण दाखला तर हवा, करतात काय!

तेव्हा त्यांच्या लेकीला, संचिताला, आयर्लंडातल्या विद्यापीठात प्रवेश मिळाल्यावर घरात काय झालं असेल ते सांगायला नको. विषय समुद्री शेवाळाचा.

“शेवाळ?” भाई म्हणाले. “ता शिकाक तितक्या लांब कित्याक गो? आपल्या खडकार काय कमी आसा? पाय घसरान पडतंव मरे!”

संचिताने समजावलं की त्यातून औषधं होतात, खत होतं, आणि तिकडे त्यासाठी मोठ्या प्रयोगशाळा आहेत. आठवड्याभरात भाईंना शेवाळाच्या पाच जाती पाठ झाल्या. तिथल्या गॉलवे शहरात बांगडा मिळतो का, मिळाला तर केवढ्याला, हेही त्यांनी तिथे शिकणाऱ्या एका मुलाला फोन करून विचारून घेतलं. त्या बिचाऱ्याची परीक्षा चालू होती.

खर्च एकतीस लाख. भाईंच्या फंडातले नऊ होते, बाकीचं बँकेचं कर्ज. पंधरा जूनच्या आत फीचा पहिला हप्ता गेला नाही तर जागा दुसऱ्याला, आणि कर्ज मंजूर झाल्याचं पत्र नसेल तर व्हिसाचं नावही काढायला नको. बँकेने तारण मागितलं. शेतजमीन चालणार नाही म्हणाले. बाजाररस्त्याला आजोबांच्या भातगिरणीची आठ गुंठे जागा होती, बिनशेती झालेली. ती चालेल म्हणाले. भाई खूश होऊन सातबारा काढून आले, आणि त्यावर नावं निघाली अकरा!

यात नवल काही नाही. आमच्याकडे एकट्याच्या नावावर असते ती फक्त रेशनची पिशवी. मार्चात आंगणेवाडीच्या जत्रेला बाकीचे वाटेकरी, म्हणजे मुंबईकर चुलतभाऊ, आपसूक आले. भाईंनी त्यांना देवीचं दर्शन घेऊ दिलं, मटण-वडे खाऊ घातले आणि दुसऱ्या दिवशी झाडून सगळ्यांना मालवणच्या नोंदणी कार्यालयात उभं केलं. जागा तारण ठेवायला भाईंची धरून दहा जणांच्या सह्या झाल्या. अकरावं नाव होतं, आनंदी बाळा परब.

बाळा म्हणजे भाईंचे आजोबा. मग ही आनंदी कोण? कुणाला पत्ता नव्हता. आजोबा गेल्यावर तलाठ्याने वारस म्हणून लावलेलं नाव, त्यानंतर त्याच्याकडे कुणी बघितलंसुद्धा नव्हतं. भाई शेजारच्या नव्वदीतल्या यशोदाकाकीकडे गेले. काकीने आधी कानावर हात ठेवले, मग पान जुळवलं, मग म्हणाली, “तुझ्या बापाशीची भैण ती. आंबोलीच्या चायवाल्याचो हात धरून गेली. तुझ्या आजान सांगलेला, ह्या घरात तिचा नाव काढूचा नाय.”

“आणि कोणी काढूक नाय?”

“कोण काढतलो? तुझो बापूस चांगलो घाबरट होतो.”

भाई घरी आले ते तणतणतच. “साठी इली माझी, आणि माका आते आसा ह्या सातबाऱ्यान सांगला! बापाशीन नाय, आवशीन नाय, सातबाऱ्यान!” चार दिवस ते जेवताना हेच बोलत होते, आणि मधल्या वेळेत आंबोलीला फोन लावून आते हयात आहे, चौऱ्याऐंशीची आहे, हे त्यांनी काढलंही. राग होताच, पण त्याहून जास्त त्यांना ती बाई बघायची होती. ती कशी दिसत असेल, कशी बोलत असेल, भाईंच्या वडिलांसारखी जेवताना भातात खड्डा करून डाळ घालत असेल का?

बँकेच्या वकिलाला मात्र असली उत्सुकता नव्हती. “चौऱ्याऐंशी वर्षांच्या बाई कर्जाच्या कागदावर नकोत,” तो म्हणाला. “हक्कसोडपत्र करून घ्या. नाव कमी झालं की मार्ग मोकळा.” त्याने मसुदाही हातात दिला. एप्रिलात बाप-लेक एसटीने आंबोलीला गेले.

चहाची टपरी आता नव्हती, त्या जागी लहानसं हॉटेल होतं. मागच्या पडवीत आनंदीआते बसली होती. अंगाने किरकोळ, चष्मा जाड, आणि हनुवटी हुबेहूब भाईंच्या वडिलांची. भाईंनी ओळख सांगितली मात्र, आतेने प्रश्नांची सरबत्तीच लावली. घर कौलारू की स्लॅबचं? विहिरीजवळचा फणस आहे का? ही चेडू, म्हणजे पोरगी, काय शिकते? आयर्लंड खंय इला? विमानात जेवण देतात तर भांडी कोण घासतो? संचिता गालातल्या गालात हसत होती. बापाची ही खोड कुठून आली ते तिला कळलं.

शेवटी भाईंनी कागद काढला आणि वाचून दाखवला.

“म्हणजे गिरणीच्या जाग्यात माझो वाटो आसा?” आतेने विचारलं.

“आसा.”

“कदीपासून?”

“आजो गेल्यापासून. पन्नास-बावन वर्षां झाली.”

आतेने कागद आपल्याकडे ओढला. “माका हक्क आसा ह्या माका आज कळला,” ती म्हणाली, “आणि तो आजच सोडूचो?”

भाईंचा चेहरा पडला. आयुष्यभर दुसऱ्यांना प्रश्न विचारलेला माणूस, पण हा प्रश्न त्यांना स्वतःला सुचला नव्हता. लाज वाटली त्यांना, अगदी मनापासून. पंधरा जून डोळ्यांसमोर होता, तरी त्यांनी कागदाची घडी केली आणि पिशवीत घातला.

“आजी, तू सोडू नको,” संचिता म्हणाली. “मी पुढच्या वर्षी बघीन.”

“पुढच्या वर्षी मी आसंय काय नाय, कोणाक ठावक!” आते खेकसली. “भाई, माझो वाटो सोडलंय तर तो कोणाक जातलो?”

“आमका. सगळ्या दहा भावांक.”

“तुमका कित्याक? तुमी दहा जण काय उपाशी आसात? ह्या चेडवाच्या नावार कर. आणि सोडतंय म्हणान लिवचा नाय. दितंय म्हणान लिव.”

भाईंनी तिथूनच वकिलाला फोन लावला. वकील आधी कुरकुरला, मग विचार करून म्हणाला की बक्षीसपत्र करता येईल. बाकीच्यांनी ना हरकत दिली आणि महिन्याभरात फेरफार पडून सातबाऱ्यावर मुलीचं नाव लागलं तर मुदतीत बसेल. शिवाय कर्ज घेणारीच तारणाच्या मालकांत आली म्हणजे बँकेलाही बरंच.

पुढच्या सोमवारी आनंदीआते घाट उतरून मालवणला आली. नोंदणी कार्यालयात तिने सहीच्या जागी अंगठा द्यायचं नाकारलं आणि पेन मागून घेतलं. साहेबांनी नेहमीचा प्रश्न केला, “आजी, तुमच्यावर कुणाचा दबाव नाही ना? स्वखुशीने देताय?”

“स्वखुशीने,” आते शुद्ध मराठीत बोलायला गेली, पण पुढे तिला ते जमेना. “साहेबा, माहेरासून मी रित्या हातान भायर पडलंय, असा आयुष्यभर समजत होतंय. आता चेडवाक देऊक माझ्याकडे माहेरचा काय तरी आसा. माका सही करूक दी.”

साहेबांनी कागद तिच्याकडे फिरवला. तिने सावकाश, एकेक अक्षर सुटं काढत, आनंदी बाळा परब अशी सही केली.